आरंभीचे हिप-हॉप कलावंत आणि मागणीबरहुकूम वेशरचना

आरंभीचे हिप-हॉप कलावंत आणि त्यांच्यासाठी कपडे घडवणारे कारागीर यांचा संबंध हा अमेरिकेच्या लोकसंस्कृतीच्या तसेच वस्त्रव्यवसायाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा विषय आहे. न्यू यॉर्क शहरातील ब्रॉंक्स, हार्लेम, क्वीन्स व ब्रुकलिन या भागांत १९७० च्या दशकात हिप-हॉपचा उदय झाला. त्यानंतरच्या दीड दशकात या कलावंतांची जी वेशभूषा जगभर ओळखली जाऊ लागली, तिचा मोठा भाग मोठ्या कंपन्यांनी तयार केलेला नव्हता. तो स्थानिक शिंपी, चित्रकार व दागिने घडवणारे कारागीर यांनी एकेका ग्राहकासाठी स्वतंत्रपणे बनवला होता. या कारागिरांमध्ये हार्लेममधील डॅपर डॅन या नावाने ओळखले जाणारे डॅनियल डे (जन्म: ८ ऑगस्ट १९४४) यांचे स्थान सर्वांत वरचे मानले जाते.

डे यांनी गुची, लुई व्हितॉं, फेंडी, एमसीएम इत्यादी युरोपीय कंपन्यांची बोधचिन्हे कातड्यावर छापून त्यांपासून कोट व जॅकेटे शिवली. ही चिन्हे वापरण्याची परवानगी त्यांनी घेतलेली नव्हती. या कारणावरून १९९२ मध्ये त्यांचे दुकान बंद पडले. पुढे २०१७ मध्ये त्यांच्याच एका जॅकेटाशी विलक्षण साम्य असलेले जॅकेट गुचीने आपल्या प्रदर्शनात मांडले. त्यामुळे चिन्हावर कोणाचा हक्क आणि घडणीचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

पार्श्वभूमी

११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉंक्समधील सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत डीजे कूल हर्क यांनी संगीताचा कार्यक्रम केला. हा दिवस रूढ अर्थाने हिप-हॉपचा जन्मदिवस समजला जातो. तबकड्या फिरवणारा डीजे, तालावर शब्द म्हणणारा एमसी, ब्रेक नृत्य आणि भिंतींवरील ग्राफिटी ही या संस्कृतीची चार अंगे सांगण्याची प्रथा आहे. वेशभूषेचा समावेश या चारांत होत नाही. तथापि ती पहिल्यापासून त्यांच्या बरोबरीने चालत आली आहे.

आरंभीची मुले गरीब वस्त्यांतील होती. दुकानात सर्वांना मिळणारी वस्तूच विकत घेऊन ती आपली करून घेण्याकडे त्यांचा कल असे. जीनच्या विजारीला इस्त्रीने पक्की घडी पाडणे, बुटांच्या नाड्या ताणून व इस्त्री करून रुंद करणे, पांढरे बूट दात घासायच्या ब्रशाने स्वच्छ राखणे हे प्रकार सर्रास होते. सदऱ्यावर मखमली अक्षरे इस्त्रीने चिकटवून स्वतःचे किंवा आपल्या चमूचे नाव लिहिण्याची पद्धत होती, तसेच डेनिमच्या जॅकेटाची पाठ ग्राफिटी चित्रकाराकडून रंगवून घेण्याचीही. पट्ट्याच्या बकलवरही नाव असे. भिंतीवर नाव लिहिणे आणि अंगावर नाव वागवणे या दोन्हींमागची प्रेरणा एकच होती. शहराने ज्यांची दखल घेतली नव्हती, ते आपली ओळख उघड्यावर मांडत होते.

कलावंत मंचावर येऊ लागल्यावर दोन वेगळे मार्ग दिसू लागले. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी रॉक संगीतकारांप्रमाणे कातडी व खिळे जडवलेले पोशाख वापरले, तर आफ्रिका बंबाटा यांच्या सोलसॉनिक फोर्सची वेशभूषा नाटकी व भडक होती. क्वीन्समधील रन-डीएमसी या त्रयीने मात्र रस्त्यावरचाच पोशाख मंचावर आणला: काळी हॅट, काळे कातडी जॅकेट, नाड्या न बांधलेले आदिदासचे बूट. १९८६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथील कार्यक्रमात त्यांनी प्रेक्षकांना आपापले बूट हातात उंच धरायला सांगितले. तेथे हजर असलेल्या आदिदासच्या प्रतिनिधीने हे दृश्य पाहिले, आणि त्यानंतर कंपनीने या गटाशी करार केला. एखाद्या कंपनीने रॅप गटाशी केलेल्या आरंभीच्या मोठ्या करारांत याची गणना होते. परंतु हा अपवादच होता. उंची कपड्यांच्या युरोपीय कंपन्यांना या काळात हार्लेम व क्वीन्समधील तरुण ग्राहकांशी काहीच देणेघेणे नव्हते.

हार्लेममधील शिंपीकामाची परंपरा

हार्लेममध्ये खास बेतून घेतलेल्या कपड्यांची हौस हिप-हॉपच्या कितीतरी आधीची आहे. १९३० व १९४० च्या दशकांत रुंद खांद्यांचा, लांब अंगाचा व घोट्याशी आवळलेल्या विजारीचा ‘झूट सूट’ तेथे लोकप्रिय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाच्या वापरावर निर्बंध आले असतानाही तो घालणे हा एक प्रकारचा उद्दामपणा समजला जाई. भारतीय वाचकाच्या दृष्टीने येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे तयार कपड्यांचा बाजार वाढेपर्यंत शिंप्याकडून शिवून घेणे हीच सर्वसामान्य रीत होती. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तयार कपडे हेच सामान्य माणसाचे कपडे झाले होते. त्यामुळे मापाने शिवलेला कपडा ही तेथे प्रतिष्ठेची व पैशाची खूण ठरली.

डॅनियल डे यांचा जन्म व बालपण याच हार्लेममधले. तरुणपणी ते फाशांच्या जुगारात तरबेज होते, आणि नीटनेटक्या पोशाखाबद्दल त्यांची ख्याती होती. पुढे त्यांनी आफ्रिकेचा प्रवास केला. १९७४ मध्ये मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची झाईरमधील मुष्टियुद्धाची लढत पाहण्यासाठी ते गेले असता लायबेरियातील एका शिंप्याकडून त्यांनी आपल्या कल्पनेप्रमाणे कपडे शिवून घेतले. आफ्रिकी घडण आणि हार्लेमची आवड एकत्र आणता येते, हे या अनुभवातून कळल्याचे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. शिंपीकामाचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

१२५व्या रस्त्यावरील दुकान

१९८२ मध्ये डे यांनी हार्लेमच्या पूर्व १२५व्या रस्त्यावर ‘डॅपर डॅन्स बुटीक’ हे दुकान उघडले. आरंभी तेथे फरचे कोट विकले जात. घाऊक व्यापारी त्यांच्याशी व्यवहार करण्यास नाखूश असल्यामुळे हळूहळू ते स्वतःच माल तयार करवून घेऊ लागले. त्यासाठी त्यांनी सेनेगलमधून आलेल्या शिंप्यांना कामावर ठेवले. दुकान दिवसरात्र उघडे असे, कारण त्याचे पहिले ग्राहक रात्री वावरणारे होते: जुगारी, रस्त्यावरचे धंदे करणारे आणि अमली पदार्थांचे व्यापारी. ही बाब झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९८० च्या दशकातील हार्लेममध्ये एवढा महाग कपडा रोख पैसे मोजून घेणारा वर्ग प्रामुख्याने हाच होता, आणि स्वतः डे यांनीही ते लपवलेले नाही. काही ग्राहकांनी तर बंदुकीच्या गोळीपासून संरक्षण देणारे अस्तर मागितले व त्यांना ते शिवूनही मिळाले.

बोधचिन्हांच्या वापराची सुरुवात एका छोट्या घटनेतून झाली. एक ग्राहक हातात लुई व्हितॉंची लहानशी पिशवी घेऊन दुकानात आला. तेथील सर्वांच्या नजरा त्या पिशवीवर खिळल्याचे डे यांनी पाहिले. एवढ्याशा पिशवीने माणसे भारावून जात असतील, तर तेच चिन्ह सर्वांगावर आले तर काय होईल, असा विचार त्यांच्या मनात आला. प्रथम त्यांनी गुचीच्या दुकानातून कपडे ठेवायच्या पिशव्या विकत आणल्या व त्यांचे तुकडे कापून कपड्यांना किनार म्हणून लावले. परंतु पिशव्यांतून पुरेसे कापड निघत नव्हते, आणि अंगभर नक्षी हवी असेल तर तो उपाय तोकडा होता. तेव्हा त्यांनी छपाईचे तंत्र स्वतः अभ्यासले. जाळीच्या चौकटीतून शाई उतरवण्याच्या स्क्रीन प्रिंटिंग पद्धतीने कापडावर छापणे सोपे असते. कातडे मात्र वाकते व सुरकुतते, त्यावरची शाई तडकू शकते. अनेक प्रयोगांनंतर कातड्यावर टिकणारी छपाई त्यांना साधली.

ही छपाई हाती आल्यानंतर काय घडले, हे नेमके समजून घेणे आवश्यक आहे. कारण पुढचा सगळा वाद त्याभोवतीच फिरतो. बाजारात अस्तित्वात असलेल्या एखाद्या कपड्याची स्वस्त नक्कल डे विकत नव्हते. चिन्हांनी भरलेले फुगीर बाह्यांचे जॅकेट, मिंकची फर लावलेला कोट, पायघोळ पार्का यांसारख्या वस्तू लुई व्हितॉं त्या काळी बनवतच नव्हती. ती मुख्यतः सामानाच्या पेट्या व पिशव्यांची कंपनी होती. तिची तयार कपड्यांची शाखा १९९८ मध्ये, मार्क जेकब्स यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. डे यांचा माल स्वस्तही नव्हता, कारण कातडे व फर अस्सल असत. आपण नक्कल केली नाही, तर मूळ वस्तूला वरच्या पायरीवर नेले, अशी त्यांची भूमिका राहिली आहे. ग्राहक आपली कल्पना घेऊन येई, रंग व चिन्ह निवडी, माप देई, आणि त्यानुसार एकच नग तयार होई. हौशी ग्राहकांच्या मोटारींच्या आसनांची आवरणेही अशाच नक्षीची करून दिली जात.

कलावंत ग्राहक

रॅप कलावंत या दुकानात थोडे उशिरा आले, कारण आरंभी त्यांच्याजवळ तेवढा पैसाच नव्हता. रस्त्यावरच्या धनवान मंडळींचा पोशाख ते पाहत होते; ध्वनिमुद्रिका खपू लागल्यावर तोच पोशाख त्यांनी मागितला. एलएल कूल जे हे या ग्राहकांपैकी अगदी आरंभीचे. सॉल्ट-एन-पेपा व बिग डॅडी केन यांचीही नावे या यादीत येतात. सर्वांत परिचित उदाहरण एरिक बी. आणि राकिम या जोडीचे आहे. त्यांच्या १९८७ च्या ‘पेड इन फुल’ या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर दोघेही डे यांनी घडवलेल्या, गुचीचे चिन्ह असलेल्या जॅकेटांत दिसतात. पुढच्या वर्षीच्या ‘फॉलो द लीडर’ च्या मुखपृष्ठावरही डे यांचेच कपडे आहेत. या दोन मुखपृष्ठांमुळे हार्लेमबाहेर कधीही पाऊल न ठेवलेल्या तरुणांनी हा पोशाख पाहिला. ऑगस्ट १९८८ मध्ये एमटीव्ही वाहिनीवर रॅप संगीताचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला व हा प्रसार आणखी वेगाने झाला.

संगीतात जे चालले होते, तेच या दुकानात कापडावर चालले होते, असे निरीक्षण अनेकदा नोंदवले जाते, आणि ते रास्त आहे. डीजे जुन्या तबकडीतला एखादा तुकडा उचलून त्याची पुनरावृत्ती करी व त्यावर नवे गाणे उभे राही. डे यांनी चिन्हाच्या बाबतीत हेच केले. विशेष म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच सुमारास न्यायालयापर्यंत पोहोचल्या. दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल १९९१ मध्ये बिझ मार्की यांच्याविरुद्ध निकाल लागला, आणि त्यापुढे अशा प्रत्येक तुकड्यासाठी आधी परवानगी घेणे संगीत कंपन्यांना भाग पडले.

क्वीन्स व ब्रुकलिनमधील कारागीर

डे हे सर्वांत प्रसिद्ध असले तरी एकटे नव्हते. १९८६ मध्ये ग्राफिटी चित्रकार एडविन सकासा, म्हणजेच फेड, यांनी सहकाऱ्यांसह ‘शर्ट किंग्ज’ ची स्थापना केली. क्वीन्समधील जमैका भागातल्या कोलोसियम मॉलमध्ये त्यांचे दुकान होते. ते एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारून, सदऱ्यांवर चित्रे काढत. प्रसिद्ध व्यंगचित्रपटांतील पात्रे गळ्यात सोन्याची साखळी व पायात नव्या धाटणीचे बूट घालून ऐटीत उभी राहिलेली दिसत. शेजारी ग्राहकाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे. भुयारी रेल्वेच्या डब्यांवरची चित्रकला अशा रीतीने अंगावर आली. डे यांच्या कोटाच्या मानाने हे सदरे स्वस्त असल्यामुळे सामान्य मुलांनाही ते घेता येत.

त्याच मॉलमध्ये सुरिनाममधून आलेले एडी प्लेन हे सोन्याच्या दातांची आवरणे बनवत. ग्राहकाच्या दातांचा साचा घेऊनच हे काम होत असल्याने ते अक्षरशः मापाचे काम होते. पब्लिक एनिमी गटाचे फ्लेवर फ्लॅव्ह हे त्यांचे एक ग्राहक होत.

ब्रुकलिनमध्ये एप्रिल वॉकर या तरुणीने डे यांचे दुकान पाहिल्यानंतर १९८७ मध्ये ‘फॅशन इन इफेक्ट’ हे स्वतःचे दुकान थाटले. पुरुष ग्राहक पुन्हापुन्हा सैल विजारी व मोठे खिसे मागतात, हे त्यांच्या ध्यानी आले. त्या मागण्यांतूनच पुढे ‘वॉकर वेअर’ हा तयार कपड्यांचा व्यवसाय उभा राहिला. पुरुषांचे वर्चस्व असलेल्या या क्षेत्रात स्वतःच्या नावाने व्यवसाय उभारणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. १९९२ मध्ये क्वीन्समध्ये सुरू झालेल्या फुबू या कंपनीपर्यंत हा धागा जातो. दुसऱ्याचे चिन्ह अंगावर घेण्याऐवजी आपलेच चिन्ह निर्माण करावे, हा विचार या पिढीत रुजला. डे यांच्या दुकानाचे जे झाले, ते या पिढीच्या डोळ्यांसमोर होते.

छापे आणि दुकानाचा शेवट

२३ ऑगस्ट १९८८ च्या पहाटे मुष्टियोद्धा माइक टायसन डे यांच्या दुकानातून एक पांढरे कातडी जॅकेट नेण्यासाठी आले होते. ८५० डॉलरच्या या जॅकेटाच्या पाठीवर पब्लिक एनिमीच्या एका गाण्याचे नाव लिहिलेले होते. दुकानाबाहेर त्यांची जुने प्रतिस्पर्धी मिच ग्रीन यांच्याशी मारामारी झाली व टायसन यांच्या उजव्या हाताचे हाड मोडले. ही बातमी देशभर पसरली. जगज्जेता मुष्टियोद्धा पहाटे चार वाजता हार्लेममधल्या कपड्यांच्या दुकानात काय करत होता, असा प्रश्न साहजिकच विचारला गेला, आणि ज्या कंपन्यांची चिन्हे तेथे वापरली जात होती त्यांचेही लक्ष तिकडे गेले.

अमेरिकेत बनावट मालासंबंधीचा कायदा १९८४ मध्ये कडक झाला होता. प्रतिपक्षाला पूर्वसूचना न देता माल जप्त करण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळवण्याची तरतूद त्यात होती. त्या आधारे दुकानावर छापे पडू लागले. कपडे, कातडे व यंत्रसामग्री जप्त झाली. डे प्रत्येक वेळी पुन्हा उभे राहिले. पण फेंडीच्या कारवाईनंतर १९९२ मध्ये दुकान कायमचे बंद झाले. फेंडीच्या वतीने काम पाहणाऱ्या वकील सोनिया सोतोमायोर होत्या. त्या स्वतः ब्रॉंक्समधील गरीब वस्तीत वाढलेल्या असून २००९ मध्ये त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या.

कंपन्यांची बाजू कायद्याच्या दृष्टीने निःसंशय भक्कम होती. नोंदणी झालेले व्यापारचिन्ह ही मालमत्ता आहे; वस्तू नवी असली किंवा सुबक असली तरी त्यावर दुसऱ्याचे चिन्ह छापता येत नाही. मात्र त्याच कायद्याची दुसरी बाजू तेवढीच ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत चिन्हाला संरक्षण आहे, पण कपड्याच्या घडणीला, म्हणजे बाहीच्या आकाराला किंवा खांद्याच्या बेताला, सर्वसाधारणपणे कॉपीराइटचे संरक्षण मिळत नाही. कारण कपडा ही उपयोगाची वस्तू मानली जाते. परिणामी कंपनीला शिंप्याला रोखता येते. शिंप्याने घडवलेला आकार कंपनीने उचलला तर शिंप्याला फारसे काही करता येत नाही.

२०१७ चे जॅकेट

दुकान बंद झाल्यानंतर डे यांनी गाजावाजा न करता खासगी ग्राहकांसाठी काम चालू ठेवले. मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर हे त्यांच्या दीर्घकाळच्या ग्राहकांपैकी एक होत.

मे २०१७ मध्ये फ्लोरेन्स येथील पित्ती राजवाड्यात गुचीचे प्रदर्शन झाले. अलेस्सांद्रो मिकेले हे तेव्हा कंपनीचे कलादिग्दर्शक होते. त्यात फुगीर, चिन्हांकित बाह्या व फर असलेले एक जॅकेट होते. डे यांनी १९८९ मध्ये ऑलिम्पिक धावपटू डायन डिक्सन यांच्यासाठी शिवलेल्या जॅकेटाशी ते जवळजवळ तंतोतंत जुळत होते. मुख्य फरक चिन्हाचा: डिक्सन यांच्या जॅकेटावर लुई व्हितॉंची अक्षरे होती, तर नव्या जॅकेटावर गुचीची. म्हणजे जे कायद्याने संरक्षित होते तेवढे बदलले गेले आणि जे असंरक्षित होते ते तसेच घेतले गेले. डिक्सन यांनी समाजमाध्यमावर आपले जुने छायाचित्र प्रसिद्ध करून डे यांना श्रेय देण्याची मागणी केली, व तिला मोठा पाठिंबा मिळाला. हे जॅकेट डे यांना वाहिलेली आदरांजली आहे, असे गुचीकडून सांगण्यात आले; मात्र प्रदर्शनाच्या वेळी त्यांचे नाव जाहीर करण्यात आलेले नव्हते.

त्याच वर्षी कंपनी व डे यांच्यात सहकार्याचा करार झाला. २०१८ च्या आरंभी हार्लेममधील लेनॉक्स मार्गावर डे यांची नवी कार्यशाळा सुरू झाली. तेथे गुचीनेच पुरवलेली कापडे व कातडी वापरून, आधी वेळ ठरवून येणाऱ्या ग्राहकांसाठी मापाचे कपडे शिवले जात. त्याच वर्षी दोघांच्या नावाने तयार कपड्यांची मालिकाही बाजारात आली.

या घडामोडींविषयी मतभेद आहेत. अन्यायाचे उशिरा का होईना परिमार्जन झाले, असे काहींना वाटते. श्रेय मिळण्यासाठी लोकांचा रोष व्हावा लागला आणि ज्यांच्याजवळ छायाचित्राचा पुरावा नाही अशा कारागिरांना ते मिळणारच नाही, असा दुसरा आक्षेप आहे. तो सहज दूर सारता येण्याजोगा नाही. सेनेगलच्या ज्या शिंप्यांनी ते कोट प्रत्यक्ष शिवले, त्यांची नावे मुखपृष्ठांवर नाहीत आणि संग्रहालयांच्या फलकांवरही सहसा आढळत नाहीत.

नंतरचा काळ

फेब्रुवारी २०१९ मध्ये गुचीचा एक काळा स्वेटर कृष्णवर्णीयांची विटंबना करणारा असल्याची टीका झाली व कंपनीला तो मागे घ्यावा लागला. डे यांनी सहकारी असूनही कंपनीचा जाहीर निषेध केला आणि तिच्या मुख्य अधिकाऱ्यांना चर्चेसाठी हार्लेममध्ये बोलावून घेतले. त्याच वर्षी त्यांचे ‘मेड इन हार्लेम’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फॅशन डिझायनर मंडळाने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. हिप-हॉपला ५० वर्षे पूर्ण झाली त्या २०२३ मध्ये न्यू यॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संग्रहालयात या वेशभूषेचे स्वतंत्र प्रदर्शन भरवण्यात आले.